शत्रूचं मूल

"आधी हे सांग, इकडचं की तिकडचं?"

२०२५च्या मे महिन्यात, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत, आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी एका मुलाचा फोटो टाकला. ढिगाऱ्याच्या कडेला बसलेलं, चार-पाच वर्षांचं, केसांपासून धुळीनं माखलेलं. एकाच पायात चप्पल. खाली काही लिहिलेलं नव्हतं. त्यावर पहिला प्रतिसाद आला तो हा. पुढं तासभर कडाक्याचं भांडण झालं, दोघंजण ग्रुप सोडून गेले. दोन दिवसांनी कळलं की फोटो इकडचाही नव्हता आणि तिकडचाही. कितीतरी जुना, तिसऱ्याच देशातल्या लढाईतला. भांडण मिटलं. त्या मुलाबद्दल मात्र नंतरही कुणी अवाक्षर काढलं नाही.

ज्यानं तो प्रश्न विचारला त्याला मी चाळीस वर्षं ओळखते. दर जूनमध्ये तो गाडीवर वह्यांचे गठ्ठे बांधून गावाजवळच्या आश्रमशाळेत स्वतः नेऊन देतो. त्याचा पुतण्या सैन्यात आहे आणि त्या दिवसांत जम्मूच्या बाजूला होता. घरात कुणी धड जेवत नव्हतं. दुष्टपणाचा त्या प्रश्नात लवलेश नव्हता, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून जाईना. वाईट माणसानं विचारला असता तर सोडून दिला असता.

याच प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं तोंड दिलं होतं, तेही भर न्यायालयात, आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून. एग्लंटाइन जेब तिचं नाव. 'सेव्ह द चिल्ड्रेन' या संस्थेची संस्थापक म्हणून ती ओळखली जाते. तिच्याबद्दल सांगताना लोक तिच्या मायेबद्दल सांगतात. मला वाटतं, तिच्या कामातली सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची गोष्ट माया ही नव्हतीच. ती गोष्ट एका शब्दात होती.

पहिलं महायुद्ध थांबलं ११ नोव्हेंबर १९१८ला. तोफा थांबल्या, नाकेबंदी थांबली नाही. ब्रिटिश आरमारानं जर्मनी आणि ऑस्ट्रियाची समुद्रातून कोंडी केली होती, ती शस्त्रसंधीनंतरही चालू राहिली. जर्मनीनं तहावर मुकाट सही करावी म्हणून हा दाब होता. १९१९च्या मार्चनंतर थोडंफार धान्य आत जाऊ लागलं, पण कोंडी पूर्ण उठली जुलैमध्ये, तहावर सही झाल्यावर. मधल्या महिन्यांत व्हिएन्नासारख्या शहरात दूध नव्हतं, कोळसा नव्हता, चरबी म्हणून काही पोटात जात नव्हती. मुडदूस आणि क्षय घरोघर. मुडदूस झालेलं मूल ज्यांनी पाहिलं आहे त्यांना जास्त सांगायला नको: पाय धनुष्यासारखे वाकतात, डोकं मोठं दिसू लागतं, चालायच्या वयाचं मूल बसल्या जागेवरून उठत नाही.

इंग्लंडमध्ये हे फार थोड्यांना ठाऊक होतं. एग्लंटाइनला ठाऊक होतं, त्याचं कारण तिची धाकटी बहीण डोरोथी बक्स्टन. युद्ध चालू असताना डोरोथीनं शत्रुदेशांची वर्तमानपत्रं मागवण्याची परवानगी मिळवली होती. त्यातले उतारे भाषांतर करून ती केंब्रिजच्या एका साप्ताहिकात छापायची, आणि त्या कामात एग्लंटाइन तिला हात देत होती. सगळा देश शत्रूला शिव्या देत असताना या दोघी बहिणी शत्रूचे पेपर वाचत होत्या. तिकडची बाई भाजीच्या रांगेत काय बोलते, तिकडच्या डॉक्टरला दवाखान्यात काय दिसतं, हे त्यांना पेपरातून कळत होतं. माणूस शत्रूबद्दल जितकं कमी वाचतो तितका त्याचा राग सोपा होतो. या दोघींना तो सोपेपणा उरला नव्हता.

१९१९च्या एप्रिलमध्ये एग्लंटाइन लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात पत्रकं वाटायला उभी राहिली. (हाच एप्रिल आपल्याकडं जालियनवाला बागेचा. त्या साम्राज्याचे दोन चेहरे मी एकाच महिन्यात पाहते आणि मला दोन्ही विसरता येत नाहीत.) पत्रकावर एका ऑस्ट्रियन मुलाचा फोटो होता. हातापायांच्या काड्या झालेल्या, डोकं अंगाला न शोभणारं. मथळा होता 'उपाशी बाळ' आणि त्याला जोडून एक वाक्य: हे आमच्या नाकेबंदीनं केलं आहे.

'आमच्या'. तो शब्द हाच.

मूल उपाशी आहे एवढंच लिहिलं असतं तर पोलिसांनी बहुधा तिकडं पाहिलंही नसतं. युद्धात मुलांचे हाल होतात, असं मोघम लिहिलं असतं तर लोकांनी मान हलवून खिशातून नाणं काढलं असतं. तिनं लिहिलं की हे आपण केलं आहे. आपल्या आरमारानं, आपल्या करातून, आपल्या नावानं. तिला अटक झाली. सेन्सॉरची परवानगी न घेता पत्रक काढलं, असा आरोप युद्धकाळातल्या देशसंरक्षण कायद्याखाली ठेवला गेला.

मे महिन्यात खटला उभा राहिला. एग्लंटाइननं वकील दिला नाही, स्वतःच बाजू मांडली. कायद्याचा मुद्दा तिच्या विरुद्ध होता आणि तिला तो कळतही होता, म्हणून ती मुलांबद्दलच बोलली. सरकारतर्फे सर आर्चिबाल्ड बॉडकिन उभे होते, आपल्या कामात कडक माणूस. त्यांनी खटला जिंकला. तिला पाच पौंड दंड झाला. आणि मग त्याच बॉडकिननी आपल्या खिशातून पाच पौंडांची नोट काढून तिच्यापुढं धरली. दंड तिनं स्वतः भरला. ती नोट तिनं मुलांच्या निधीत टाकली. संस्थेची पहिली देणगी म्हणून आजही तिचंच नाव घेतलं जातं. चार दिवसांत, १९ मे १९१९ला, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये 'सेव्ह द चिल्ड्रेन' निधीची जाहीर सभा झाली. देशद्रोही बायकांवर फेकायला काहीजण सडकी फळं घेऊन आले होते, असं सांगतात. हॉल मात्र भरून वाहत होता.

आपल्याकडं म्हण आहे, आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण घरोघरच्या पक्षपाताबद्दल आहे आणि आपण ती हसत म्हणतो. युद्धात तीच म्हण धोरण होते. आपल्या बाजूच्या मुलाला इजा झाली की ती क्रौर्याची खूण ठरते, पलीकडच्या मुलाला झाली की तो नाइलाज ठरतो. दुसऱ्यानं जखमी केलेल्या मुलाची कणव येणं ही चांगलीच गोष्ट, पण त्यात आपलं काही जात नाही. उलट आपला राग आणखी पवित्र होतो. कणवेची किंमत मोजावी लागते ती आपल्या बाजूनं जखमी केलेल्या मुलापाशी. तिथं आपल्याला आपल्याच माणसांपुढं उभं राहावं लागतं.

एग्लंटाइन हे करू शकली याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिला मुलं आवडत नसत. ऑक्सफर्डला शिकून ती एका शाळेत शिक्षिका झाली होती आणि थोड्याच काळात तिला उमगलं की हे आपलं काम नव्हे. तिला स्वतःचं मूल नव्हतं, लहान मुलांच्या सहवासाचा तिला कंटाळा होता आणि ती ते लपवत नसे. आपण मुलांसाठी काम करणाऱ्या बाईत आई शोधतो, आणि आई सापडली की निर्धास्त होतो, कारण आईनं करायचं ते आपण करायची गरज नसते. एग्लंटाइनमध्ये ती पळवाट मिळत नाही. तिला त्या मुलांचा लळा नव्हता. त्यांचं आपण देणं लागतो एवढंच तिला दिसत होतं.

यावर जो आक्षेप आला तो आजही येतो, आणि तो हलका नाही. आपली मुलं उपाशी असताना परक्यांची कशाला? इंग्लंडमध्ये तेव्हा लाखो घरांत माणूस गेलेला होता, विधवा होत्या, बेकारी होती. ज्या बाईचा मुलगा फ्लँडर्सच्या चिखलात गेला तिला जर्मन मुलासाठी दूध मागायचं म्हणजे काय, हे सोपं नव्हतं. पण निधीला पैसे कुणी दिले ते पाहण्यासारखं आहे. खाणकामगारांचे नेते रॉबर्ट स्मायली या कामाच्या पाठीशी उभे राहिले आणि खाणकामगारांच्या संघटनेनं देणगी दिली. ज्यांच्या स्वतःच्या घरात ओढगस्त होती तेच पुढं आले. "आधी आपली" असं म्हणणाऱ्यांपैकी किती जण आपल्यांसाठी तरी काही करत होते, हे मी तिथं नसल्यानं सांगू शकत नाही. इथलं सांगू शकते. आश्रमशाळेत वह्या देणारा माझा मित्र अपवाद आहे. बाकी ज्यांनी त्या दिवशी "आपली मुलं आधी" असं लिहिलं त्यांना मी आपल्या मुलांच्या कुठल्याच कामात पाहिलेलं नाही. निधीला पाठिंबा दिला म्हणून नाटककार बर्नार्ड शॉंना लोकांनी टोकलं तेव्हा ते म्हणाले होते, सात वर्षांखालचा कुणी माझा शत्रू नाही. वाक्य चटकदार आहे, पण मला स्मायलींच्या माणसांची देणगी जास्त पटते.

पुढचं काम झपाट्यानं वाढलं. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जगभरच्या चर्चमधून मुलांसाठी निधी गोळा करायला सांगितलं. एका प्रोटेस्टंट बाईच्या कामासाठी हे तेव्हा अप्रूपच होतं. १९२०मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय संघ उभा राहिला. १९२१मध्ये रशियात व्होल्गाकाठी दुष्काळ पडला तेव्हा ६०० टन धान्य आणि सामान घेऊन संस्थेचं जहाज निघालं. साराटोव्ह भागात तिच्या स्वयंपाकघरांतून सुमारे तीन लाख मुलं जेवत होती. बोल्शेविकांच्या मुलांना जेवण घालता म्हणून पुन्हा टीका झाली. एग्लंटाइननं दुष्काळाचं चित्रीकरण करून घेतलं, ते सभागृहांतून दाखवलं, वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. धर्मादाय संस्थेनं जाहिरात करणं तेव्हा थिल्लर मानलं जाई. तिला त्याची पर्वा नव्हती. १९१३मध्ये बाल्कन युद्धानंतर ती मॅसेडोनियात मदतवाटपाला गेली होती. नुसत्या चांगल्या मनानं वाटलेलं ब्लँकेट कुणाच्या हाती पडतं आणि कुणाला मिळत नाही, हे तिनं तिथं स्वतः पाहिलं होतं.

मग १९२३मध्ये तिनं एक मसुदा लिहिला. पाचच कलमं, एका कागदावर मावतील अशी. भुकेल्या मुलाला खाऊ घातलं पाहिजे, आजाऱ्याची शुश्रूषा झाली पाहिजे, अनाथाला आसरा मिळाला पाहिजे. संकटात मदत पहिली मुलाला मिळाली पाहिजे. राष्ट्रसंघानं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या जागतिक संघटनेनं, १९२४च्या सप्टेंबरमध्ये हा बालहक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या सुरुवातीच्या ओळीत म्हटलं आहे की मानवजात आपल्याजवळचं उत्तमातलं उत्तम मुलाला देणं लागते, वंश, राष्ट्र आणि धर्म यांच्या पलीकडं जाऊन. आपल्या भाषेत 'दान' आणि 'देणं' हे दोन शब्द किती जवळचे आणि किती वेगळे आहेत. दान दिलं की पुण्य मिळतं. देणं फेडलं की फक्त कर्ज उतरतं. घेणाऱ्यानं आभार मानायचं कारण नसतं. एग्लंटाइननं मुलांना दानाच्या खात्यातून काढून देण्याच्या खात्यात लिहिलं. १९२८मध्ये, ५२व्या वर्षी, ती जिनिव्हातच गेली. तिच्या त्या कागदातूनच पुढं १९५९चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा आला आणि १९८९चा बालहक्क करार. भारतानं तो डिसेंबर १९९२मध्ये स्वीकारला.

इथं थांबलं तर ही गोष्ट गोड होईल, आणि खोटी होईल. जाहीरनामा स्वीकारणाऱ्यांत ब्रिटन होतं. १९४३मध्ये बंगालमध्ये काय झालं? जपानी येतील या भीतीनं किनारपट्टीवरच्या होड्या आधीच जप्त झाल्या, तांदळाचे साठे हलवले गेले. दुष्काळ पसरला तेव्हा दिल्लीचे व्हाइसरॉय आणि लंडनमधले भारतमंत्री जहाजं मागत राहिले आणि युद्धमंत्रिमंडळ मागणीच्या मानानं फारच थोडं देत राहिलं. वीस ते तीस लाख माणसं गेली. संकटात पहिली मदत मुलाला, हे वाक्य कलकत्त्याच्या फुटपाथवर पोचलं नाही. तेव्हा लंडनमध्ये 'आमच्या' धोरणानं हे झालं असं म्हणत चौकात उभी राहणारी एग्लंटाइन नव्हती.

आणि त्याच वर्षी, १९४३मध्ये, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहत होती. सोव्हिएत सत्तेनं घरादारातून उचलून सायबेरियाकडं नेलेली, इराणमार्गे सुटून आलेली सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. १९४८पर्यंत ती तिथं राहिली. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनाघर होतं. ती गेल्यावर त्याच बराकींमध्ये फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली. आजचं गांधीनगर, जिथं आपण कापड घ्यायला जातो, ते तिथलंच. वळिवड्याची मुलं वाचली याचा मला कोल्हापूरकरांइतकाच अभिमान आहे. पण ती मित्रराष्ट्राची मुलं होती. त्यांना वाचवणं आणि युद्ध लढणं एकाच दिशेला होतं. बंगालची मुलं वाचवायची तर युद्धाची जहाजं वळवावी लागणार होती, आणि तिथं हात आखडला. पोलंडच्या मुलांना जे मिळालं ते कमी करा असं कुणी म्हणणार नाही. कुठल्या मुलाला वाचवायला काही किंमत पडत नाही आणि कुठल्या मुलाला पडते, हे या दोन ठिकाणांकडं एकदम पाहिलं की दिसतं.

दोघी बहिणींमध्ये पुढं मतभेद झाले. डोरोथीला कारणांवर बोट ठेवायचं होतं, धोरणं बदलायची होती. एग्लंटाइनला दिसलं की मुलांपर्यंत दूध न्यायचं तर सगळ्या सरकारांच्या दारातून जावं लागेल, आणि दारावरच्या माणसाला दोषी ठरवून आत जाता येत नाही. संस्था राजकारणापासून दूर राहिली. डोरोथी हळूहळू तिच्यापासून दूर झाली. १९३५मध्ये ती जर्मनीत जाऊन थेट नाझी नेता गोरिंगला भेटली आणि छळछावण्यांबद्दल त्याला तोंडावर बोलली. उपयोग शून्य झाला. पण ती गेली.

या वादात कोण बरोबर, असं मला विचाराल तर मदत करणाऱ्या संस्थांसाठी मी एग्लंटाइनच्या बाजूची आहे. ज्यांना नाक्यावरून ट्रक पलीकडं न्यायचा आहे त्यांनी गप्प राहावं, तो त्यांचा नाइलाज आहे आणि त्या गप्प राहण्यानं मुलं जगतात. माझा मुद्दा तुमच्या-माझ्याबद्दल आहे. आपल्याला कुठल्या नाक्यावरून ट्रक न्यायचा नाही. आपल्याला ती गप्प राहण्याची सवलत कुणी दिली? संस्थेला पाचशे रुपये पाठवले की तिची तटस्थताही आपल्याला मिळाली असं आपण धरून चालतो. संस्थांना जे बोलता येत नाही ते बोलणं हेच नागरिकाचं काम उरतं. भुकेचं हत्यार वापरलेलं नागरिकांनीच खपवून घेतलं तर कायदा कागदावर राहतो. कायदा आहे: जिनिव्हा करारांना १९७७मध्ये जोडलेल्या पूरक करारानं नागरिकांना उपाशी मारण्याला युद्धाचं साधन म्हणून बंदी घातली, २०१८मध्ये सुरक्षा परिषदेनं त्याचा ठराव करून निषेध केला. त्यानंतरही गाझात आणि सुदानच्या अल फाशेरमध्ये मुलं उपासमारीनं मेली.

आता आपलं बोलते. पहलगाममध्ये २६ माणसं मारली गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली. मारणाऱ्यांसाठी मी क्षमा मागत नाही, त्यांना ती देतही नाही. मे महिन्यात पूंछमध्ये घरांवर तोफगोळे पडले, मुलं गेली. ते पाकिस्तानी तोफांनी केलं, आणि ते मी ठणकावून म्हणेन. त्याच दिवसांत सीमेपलीकडूनही मुलं गेल्याच्या बातम्या येत होत्या. त्यातलं खरं किती, खोटं किती, हे तपासून घ्यावं असंही आपल्याला वाटलं नाही. आपल्या वाहिन्यांनी ती मुलं मोजली नाहीत. त्यांच्या वाहिन्यांनी आपली मोजली नाहीत. एग्लंटाइननं जर्मनीला निर्दोष ठरवलं नव्हतं. युद्ध कुणी सुरू केलं याचा वाद तिनं मांडलाच नाही. आपल्या बाजूनं जे झालं तेवढंच तिनं आपल्या लोकांना सांगितलं, कारण तेच तिच्या हातात होतं आणि तिच्या लोकांनाच ते थांबवता येणार होतं. ज्याला हे देशद्रोह वाटतं त्यानं एवढं पाहावं की ती बोलली ते आपल्या लोकांशी, आपल्या चौकात, आपल्या भाषेत. परक्यांकडं गाऱ्हाणं न्यायला ती गेली नव्हती.

मी त्या मित्राला फोन केला. ग्रुपवर लिहिण्यात अर्थ नव्हता. पुतण्या सुखरूप होता, सुट्टीवर येणार होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, पत्रकाची, चौकाची, खटल्याची. तो मधे एकदाही बोलला नाही. वाटलं, फोन बाजूला ठेवून दिला की काय.

मग म्हणाला, "अगं, त्या सरकारी वकिलानं खरंच दिले पाच पौंड?"

"दिले."

"आणि खटला?"

"तो त्यानं जिंकला होता," मी म्हटलं.

"हं," म्हणाला. "पुन्हा सांग, त्या पत्रकावर काय लिहिलं होतं?"